‘तू सांग’ म्हणण्याआधी : नवी पेठेतलं दोन दिवसांचं शिक्षक-प्रशिक्षण

जानेवारीतल्या एका तासाला माझ्या वर्गात जे झालं, त्यासाठी मी मे महिन्यात या प्रशिक्षणाला गेले. म्हणून आधी ते सांगते.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात १९ वर्षं राज्यशास्त्र शिकवते. त्या दिवशी एस.वाय.च्या वर्गात संविधानातली १५ आणि १६ ही कलमं चालली होती. मागास वर्गांसाठी खास तरतूद करू देणारं १५(४) हे उपकलम मुळात नव्हतं, १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आलं, आणि ते का आणावं लागलं, एवढं सांगून झालं तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘‘मॅम, माझ्या चुलतभावाचा गव्हर्नमेंट कॉलेजला नंबर लागला नाही. त्याच्यापेक्षा खूप कमी मार्क असलेल्याचा लागला. ह्यांच्यामुळे आमच्या सीटा जातात.’’ ‘ह्यांच्यामुळे’ म्हटल्याबरोबर चार-पाच माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे परभणीकडून आलेली एक मुलगी बसते. स्कॉलरशिपच्या याद्या नोटीस बोर्डावर लागतात, त्यामुळे कोण कुठल्या प्रवर्गातलं हे वर्गाला पहिल्या महिन्यातच कळलेलं असतं.

मला वाटलं, तिची बाजू वर्गासमोर यायला हवी. मी तिच्याकडे बघून म्हटलं, ‘‘तू सांग, तुला काय वाटतं?’’ ती उभी राहिली, ‘‘काही नाही मॅम’’ म्हणाली आणि खाली बसली. घंटा झाली. पुढच्या तासाला मी पुढचा घटक घेतला. त्यानंतर ती नऊ दिवस वर्गात आली नाही.

प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एप्रिलमध्ये एक पोस्टर आलं : ‘वर्गातले अवघड विषय, बोलायचं कसं?’ शनिवार-रविवार, नवी पेठेतला एक हॉल, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच, चहा-जेवण धरून ३,००० रुपये. मी त्याच दिवशी पैसे भरले. संस्थेचं आणि घेणाऱ्यांचं नाव इथे लिहीत नाही. जिथे कमी वाटलं तेही मला मोकळेपणी लिहायचं आहे, आणि ही छोटी, मनापासून काम करणारी माणसं आहेत. पुण्यात शिकवणाऱ्यांना विचारलंत तर पत्ता मिळेल.

आम्ही २२ जण होतो. वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले दोघे, बारामतीहून आलेले गणिताचे सर, संस्कृतच्या एक मॅडम, नर्सिंगच्या दोघी, बाकी बहुतेक कला शाखेचे. घेणारे दोघं होते. एक साठीच्या ताई, आयुष्यभर समाजकार्य शिकवून निवृत्त झालेल्या, आणि त्यांच्याबरोबर तिशीतला एक दादा. पुण्यातल्या शिबिरांत सगळेच ताई-दादा असतात, तसे इथेही. पहिल्या तासातच ‘डॉक्टर’ आणि ‘प्रोफेसर’ गळून पडले, ते बरं झालं. सतरंजीवर गोल बसायचं होतं, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी न मागता खुर्च्या मांडलेल्या होत्या.

पहिल्या दिवसाची सकाळ संथ गेली. ओळखीलाच पाऊण तास लागला. मग प्रत्येकाच्या हातात स्पायरल बाइंडिंग केलेली एक फाईल आली, आणि या सगळ्यातली सर्वांत कच्ची वस्तू तीच आहे. चाळीस पानं, सगळी दुसऱ्या भाषेतून उतरवलेली. ‘सुरक्षित अवकाशाची निर्मिती’, ‘सूक्ष्म-आक्रमणांचे व्यवस्थापन’. असं मराठी माझ्या वर्गातलं एक मूल बोलत नाही आणि मीही बोलत नाही. उदाहरणंही परदेशी विद्यापीठांतली. ताई स्वतः किती सरळ बोलतात! ‘‘वर्गात पोराला बोलायची भीती वाटू नये आणि बोलल्यावर पश्चात्ताप होऊ नये, एवढं बघायचं’’ हे त्यांचं वाक्य त्या फाईलच्या पहिल्या दहा पानांचं काम करतं. ते त्यात कुठेच नाही. ताईंनी बोलावं आणि कुणीतरी ते उतरवून घेऊन नवी फाईल करावी, असं मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले आहे.

जेवणाआधीचा एक तास मात्र कामाचा निघाला. प्रत्येकाने एकटं बसून लिहायचं : कुठल्या विषयावर माझा स्वतःचा आवाज चढतो? कुणाला दाखवायचं नाही. मला वाटलं होतं, मी या बाबतीत तयार आहे. लिहायला लागले तेव्हा लक्षात आलं की आरक्षणाचा विषय निघाला की मी घाईत येते. कुणी काही दुखावणारं बोलण्याच्या आत आपली बाजू मांडून तो मुद्दा मिटवायचा, अशी ती घाई असते. जानेवारीतल्या त्या तासालाही मला घंटेच्या आत सगळं मिटवायचं होतं, आणि त्या घाईत मी एका एकोणीस वर्षांच्या मुलीला उभं केलं.

दुपारी वाद उलटवण्याचा सराव झाला. विषय : हॉस्टेलच्या मेसमध्ये अंडं द्यावं का, आणि दिलं तर वेगळ्या टेबलावर द्यावं का. वरवर साधा वाटणारा विषय, पण पाच मिनिटांत त्यात जात आली, धर्म आला, घरचं सोवळं आलं, खोली भाड्याने देताना घरमालक काय विचारतात तेही आलं. चौघांचा एक गट, दोघं या बाजूला, दोघं त्या. दहा मिनिटं मांडणी, मग बाजू बदलायच्या, आणि आता समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं. शेवटी बाजू सोडून चौघांनी मिळून एक परिच्छेद लिहायचा, चौघांनाही मान्य होईल असा. संस्कृतच्या मॅडम शाकाहारी घरातल्या. बाजू बदलल्यावर त्यांनी वेगळ्या टेबलाच्या विरोधात जे मांडलं, ते ऐकून नर्सिंगच्या एक मॅडम म्हणाल्या, ‘‘हे मला बारा वर्षांत कुणी माझ्या बाजूने बोलून दाखवलं नव्हतं.’’ हॉल शांत झाला.

यावरून एक सांगते. पुण्याला भाषण ऐकायची सवय फार जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला १८७५पासूनची. आम्ही हॉलमध्ये बसलो होतो तेव्हाही तिचे दिवस चालू होते. भांडायची सवयही तितकीच जुनी. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचं संमतिवय दहावरून बारा केलं, तेव्हा या शहरात टिळक एका बाजूला आणि आगरकर, भांडारकर दुसऱ्या बाजूला होते. आगरकरांची तर ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली गेली. ऐकणं आणि भांडणं या दोन्हींच्या मधली गोष्ट, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं आपल्या तोंडून मांडणं, ती आम्हाला बी.एड., एम.ए., सेट-नेट कशातच कुणी शिकवली नाही. कॉलेजच्या मास्तरला तर बी.एड.सुद्धा लागत नाही. तो थेट ऐंशी मुलांसमोर उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने गप्प राहण्याचा सराव घेतला. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफितींचा अभ्यास केला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात, असं तिला आढळलं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब येतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. दादा म्हणाला, अवघड विषयाला दहा सेकंद थांबा, मनात मोजा. आम्ही मोजलं. दहा सेकंद किती लांब असतात हे वर्गासमोर उभं राहून मोजल्याशिवाय कळत नाही. बारामतीचे सर सहाव्या सेकंदाला बोलले. मी चौथ्या.

दुसऱ्या दिवशीच्या दुपारसाठी मी चार हजारही भरले असते. ज्याला वाटेल त्याने आपल्या वर्गातला एक फसलेला प्रसंग द्यायचा आणि बाकीच्यांनी तो उभा करायचा. मी माझा दिला. वाघोलीचे एक सर तो मुलगा झाले, नर्सिंगच्या एक मॅडम ती मुलगी. मी पुन्हा तिथेच पोहोचले आणि ‘तू सांग’ म्हणायच्या आत ताईंनी टाळी वाजवली. मला त्या मुलीच्या जागी बसवलं आणि म्हणाल्या, ‘‘आता बाकीच्या वीस जणांनी हिच्याकडे बघा.’’

त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. मान खाली गेली एवढं आठवतं.

मग त्यांनी सावकाश उलगडून दाखवलं. त्या मुलीला मी साक्षीदार केलं होतं. एका माणसाने अख्ख्या समाजाची बाजू मांडायची, तीही आरोप झाल्यावर आणि आधी काही न सांगता. ज्यांच्यावर बोट रोखलेलं नाही त्यांना असं कुणी कधी उभं करत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त अवघड गेली. ताई म्हणाल्या, त्या मुलालाही तुम्ही सोडून दिलंत. त्याच्या घरात खरंच कुणाची तरी निराशा झालेली आहे. त्याला गप्प केलं तर तो कॅन्टीनमध्ये बोलेल, आणि तिथे त्याला उत्तर द्यायला कुणी नसेल. फळ्यावर तीन रकाने करायचे : काय घडलं, मला काय वाटलं, मी त्यावरून काय ठरवलं. त्याचं वाक्य त्यानेच या तीन रकान्यांत लिहायचं. चुलतभावाचा नंबर लागला नाही, हे घडलं. अन्याय झाला, हे वाटलं. ‘ह्यांच्यामुळे’, हे ठरवलं. मग तिसऱ्या रकान्याकडे वर्गाने मिळून बघायचं, आकडे घेऊन. एकूण जागा किती, सरकारी किती, खासगी किती, फी किती. १९९२च्या इंद्रा साहनी निकालातली आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा काय, २०१९च्या १०३व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना दिलेले १० टक्के कुठे बसतात, मराठा आरक्षणाचा २०१८चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी का रद्द केला आणि २०२४मध्ये पुन्हा १० टक्के कसे आले. आमच्या वर्गात या प्रत्येक ओळीशी कुणाचं तरी घर जोडलेलं आहे. म्हणूनच कागद मधे हवा. मुलांनी एकमेकांकडे बघण्याऐवजी आधी त्या कागदाकडे बघावं.

ताईंनी आणखी एक सांगितलं, आणि ते मी चौकटीत लिहून ठेवलं आहे : पुढच्या तासाला परत या. वर्गात काही तुटलं तर पुढच्या तासाची पहिली दोन मिनिटं त्याची. ‘‘परवा जे झालं ते मला नीट हाताळता आलं नाही, मी त्याच्यावर विचार करतेय’’ एवढं म्हटलं तरी चालतं. आपण गप्प राहून पुढचा घटक घेतला, तर मुलांना वाटतं की जे झालं ते ठीकच होतं.

आता उणिवा. फाईलचं सांगितलं. दुसरी उणीव मोठ्या वर्गांची. त्यांची निम्मी तंत्रं गोल बसायला सांगतात. मधे सहा जण बोलतात, भोवती बाकीचे ऐकतात आणि मग जागा बदलतात, हा प्रकार हॉलमध्ये सुरेख झाला. माझ्या वर्गात बाकं जमिनीत ठोकलेली आहेत, पटावर १२० नावं आहेत आणि तास ४८ मिनिटांचा. त्यातली सहा-सात मिनिटं हजेरीत जातात. मी विचारलं तेव्हा दादाने दोन बाकांचे गट करायला सुचवलं. ते ठीक, पण यावर एक वेगळं सत्र हवं होतं. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकवणाऱ्या बहुतेकांची परिस्थिती हीच आहे.

तिसरी उणीव सगळ्यांत गंभीर. एखाद्या मुलाने तास मोबाइलवर टिपला, त्यातली वीस सेकंदं कापून पसरवली आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनबाहेर माणसं जमली, तर? हा प्रश्न बारामतीच्या सरांनी रविवारी साडेचारला विचारला. बावीसच्या बावीस जण पुढे सरकून बसले, कारण हीच भीती प्रत्येकाच्या पोटात होती. उत्तर मिळालं, ‘‘प्राचार्यांना आधी विश्वासात घ्या, तासाचं टिपण लेखी ठेवा.’’ बरोबर आहे, पण अपुरं आहे. तात्पुरत्या नेमणुकीवरच्या, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाने काय करायचं? आमच्यातले सात जण तसे होते. या प्रश्नाला अर्धा दिवस द्यायला हवा आणि एखाद्या वकिलाला बसवायला हवं. तोवर तासिका तत्त्वावरच्या तरुण सहकाऱ्यांना ‘बिनधास्त जा आणि लगेच वर्गात करून बघा’ असं मी सांगणार नाही.

जेवण साधं आणि चांगलं होतं, मटकीची उसळ, पोळ्या, ताक. गाडी लावायला जागा नाही, पीएमपीने या.

माझ्या दृष्टीने खरा हिशेब जुलैत झाला. ती मुलगी आता टी.वाय.ला आहे. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला ग्रंथालयाबाहेर गाठलं. तिला पाच मिनिटं आहेत का विचारलं, आणि जानेवारीबद्दल माफी मागितली. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हणायचं नाही, ‘मी हे केलं आणि ते चुकलं’ असं म्हणायचं, हेही त्या रविवारीच शिकले होते. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मी मोजत होते. आठव्या सेकंदाला म्हणाली, ‘‘मॅम, तुम्ही विचारलंत त्याचं एवढं नाही. पुढच्या तासाला कुणीच काही बोललं नाही, त्याचं जास्त लागलं.’’

टी.वाय.च्या वर्गाबरोबर मी नियम ठरवले. मी सुचवायचे नाहीत, त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहायचे. जमलेल्या चिठ्ठ्यांतून वर्गाने पाच निवडले. ‘तुम्ही लोक’ हा शब्द वर्गात नाही. मोबाइल बाकावर पालथा. कुणी मत बदललं तर चिडवायचं नाही. बोललेला मुद्दा बाहेर न्या, बोलणाऱ्याचं नाव नेऊ नका. आणि पाचवा, जो मला सुचला नसता : ज्याला बोलायचं नाही त्याने ‘पास’ म्हणावं आणि कुणी कारण विचारू नये.

ऑगस्टमध्ये पुणे करार घेतला, दलितांच्या प्रतिनिधित्वावरून गांधीजी आणि बाबासाहेब यांच्या बाजूंमध्ये झालेला. येरवडा कारागृह आमच्या कॉलेजपासून बसने अर्ध्या तासावर आहे आणि तरी वर्गातल्या बहुतेकांना तो करार कुठे झाला हे माहीत नव्हतं. एका पानावर तपशील दिले : ऑगस्ट १९३२चा जातीय निवाडा आणि त्यातले स्वतंत्र मतदारसंघ, २० सप्टेंबरला सुरू झालेलं गांधीजींचं उपोषण, २४ सप्टेंबरचा करार, स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघांतून प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. दोन बाकांचे गट केले. निम्म्यांनी स्वतंत्र मतदारसंघांची बाजू मांडायची, निम्म्यांनी संयुक्त, मग उलट.

विसाव्या मिनिटाला आवाज चढले. उपोषण हा दबाव होता की नाही, यावरून दोन गटांत ठिणगी पडली. मागून कुणीतरी ‘तुम्ही’ म्हणालं आणि ‘लोक’ म्हणायच्या आत थांबलं. मी ताईंचा उपाय केला. सगळे थांबा, वही उघडा, तीन मिनिटं लिहा : मी आत्ता काय ऐकलं, मला काय वाटलं, मला काय विचारायचं आहे. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. तीन मिनिटांनी फक्त तिसरी ओळ वाचायची, तीही ज्याला वाचावीशी वाटेल त्याने.

मागच्या बाकावरचा तोच मुलगा आधी उभा राहिला. त्याने वाचलं, ‘‘चर्चेला बसताना बाबासाहेबांच्या हातात नाही म्हणण्याची सोय होती का?’’ तिसऱ्या बाकावरून पास आलं नाही. ती उठली, म्हणाली, ‘‘माझाही हाच प्रश्न आहे, थोडा वेगळा,’’ आणि तिने तिचा वाचला. घंटा होऊन गेल्यावर तीन-चार मिनिटं कुणी दप्तर उचललं नाही. पुढच्या तासाची पहिली दोन मिनिटं मी त्या दोन प्रश्नांना दिली. ती पंधरा झाली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एफ.वाय.च्या वर्गात आंतरधर्मीय लग्नाच्या विषयावर मी अजून हात घातलेला नाही. तिथे मोबाइलचा प्रश्न मला स्वतःलाच सुटलेला नाही.

पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीत आहे असं कळलं. जमलं तर एकटं जाऊ नका, एकाच कॉलेजचे दोघं जा, म्हणजे परत आल्यावर तास फसला तर बोलायला स्टाफरूममध्ये कुणीतरी असतं. आमच्या विभागातल्या दोघांची नावं मी दिली आहेत. त्यांना सांगितलंय, फाईलवर वेळ घालवू नका, आपला फसलेला प्रसंग आधीच लिहून न्या, आणि मोबाइलचा प्रश्न रविवारी साडेचारला नको, शनिवारी सकाळीच विचारा.